बोलांचे पुस्तक आणि नामाचा ठेका

मृदंग शिकणाऱ्या मुलाच्या पिशवीत आज दोन वस्तू बहुधा सापडतात : कणकेची डबी आणि बोलांचे पुस्तक. कणकेशिवाय डाव्या पुडीला गंभीर नाद येत नाही. पुस्तकाशिवाय मात्र आपल्या जुन्या मृदंगवादकांचे काही अडले नाही. तरीही पुस्तक आता आले आहे आणि ते राहणार आहे. म्हणून ही सरावाची पुस्तके काय देतात आणि काय देत नाहीत, याचा विचार आपण केला पाहिजे.

आधी त्यांचा उपकार मानू. पं. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले. एका वर्गात अनेकांना शिकवायचे तर विद्या कागदावर उतरावीच लागते. पलुस्करांनी आणि पं. भातखंडे यांनी आपापल्या लेखनपद्धती घडवल्या, म्हणून आज चौतालाच्या १२ मात्रा डोळ्यांसमोर मांडलेल्या दिसतात. ‘धा धा । दिं ता । किट धा । दिं ता । तिट कत । गदि गन’ एवढी ओळ पुढे ठेवून हातावर टाळी-खाली मोजली, तर नवशिक्याची सम चुकत नाही. एरवी जाणत्या वादकाबरोबर त्याचे बोलही जात. ते पुस्तकांनी राखले, हे लहान काम नव्हे.

पण अक्षर हे नादाचे नाव आहे, हात नव्हे. ‘तिट’ ही दोन अक्षरे तबल्याच्या पुस्तकात आणि पखवाजाच्या पुस्तकात सारखीच छापलेली असतात. तबल्यावर ते एकेका बोटाचे काम, पखवाजावर मात्र पंजा उघडा लागतो. तबल्याची पुस्तके सहज मिळतात, म्हणून मुले त्यांतलेच कायदे मृदंगावर घोटतात. मग मृदंगाची थाप जाते आणि नुसती टिकटिक उरते. खुणांचाही घोटाळा होतो. भातखंडे पद्धतीत फुली ही समेची खूण, तर पलुस्कर पद्धतीत अधिकचे चिन्ह खालीचे. सांगणारा शेजारी नसेल तर दोन पुस्तके मिळून एक गोंधळ होतो.

याहून मोठी उणीव पुस्तकांच्या मांडणीत आहे. ठेका आरंभी अर्ध्या पानात आटोपतो. पुढची सगळी पाने परणी, रेले आणि तिहाया यांची. पान उलटले की प्रगती झाली, असे मुलाला वाटू लागते आणि ठेका त्याच्या लेखी मागे पडलेला धडा ठरतो. कीर्तनात नेमके उलटे असते. दोन-अडीच तासांच्या सेवेत मृदंगाचे बहुतेक काम ठेका धरण्याचे. कीर्तनकार अभंगाच्या एका पदावर थांबतात, तेच पद पुन्हा पुन्हा घेतात, टाळकरी ते उचलतात. तिथे पाठ केलेली तिहाई घातली की हात दिसतो, पण पद झाकले जाते. मागे बसलेल्या म्हातारीला संतांचा शब्द ऐकू आला नाही, तर त्या तयारीचा उपयोग काय?

यावर कोणी म्हणेल की मग तयारीच नको. तसे नाही. चाल चढते, गजर टिपेला जातो, तेव्हा रेला लागतोच. ज्याने संथ लयीत तो घोटला नाही त्याचे मनगट तिथे आखडते, लय ओढली जाते आणि सगळे टाळकरी अडखळतात. म्हणून सराव हीसुद्धा सेवा आहे. प्रश्न तो कसा करायचा एवढाच.

त्याचे उत्तर आपल्या नित्यनेमातच आहे. हरिपाठ आपण रोज तोच म्हणतो. काल म्हटला म्हणून आज नवा मागत नाही. बोलांचे पानही तसेच वापरावे. एक बोल घ्यावा, आधी तोंडाने म्हणावा, गुरूंकडून हाताची ठेवण पाहून घ्यावी आणि महिना-दोन महिने पान उलटू नये. रोज अर्धा तास नुसता ठेका धरावा, त्यात एकही भरणा न घालता. हे परणीपेक्षा कठीण जाते, करून पाहावे. आठवड्यातून एकदा टाळकऱ्यांबरोबर बसावे, कारण यंत्रावरची लय थकत नाही, माणसांची श्वास घेते. आणि वारीत गळ्यात मृदंग अडकवून चालताना ठेका पावलाशी जुळतो का, हे तपासावे. ही परीक्षा कोणत्याही पुस्तकाच्या शेवटी छापलेली नसते.

पुस्तके लिहिणाऱ्या जाणत्यांना एक विनंती. भजनी ठेक्याला अर्धे पान नको, एक पूर्ण प्रकरण द्या. कोणता बोल पंज्याच्या कोणत्या भागाने वाजतो ते लिहा. आणि अभंगाचे पद चालू असताना हात कुठे आवरायचा, हेही सांगा. शिकणाऱ्या मुलांना आज त्याचीच गरज आहे.

॥ रामकृष्णहरी ॥