मुक्ताबाईंचा निबंध : साक्ष की युक्तिवाद?

'ज्ञानोदय' पत्राच्या १५ फेब्रुवारी व १ मार्च १८५५ या दोन अंकांतून 'मांग महारांच्या दुःखाविषयी' हा निबंध प्रसिद्ध झाला. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांच्या पुण्यातील शाळेत शिकणारी, मांग जातीतील मुक्ता ही विद्यार्थिनी त्याची कर्ती होय. मराठी गद्याच्या इतिहासात या निबंधाचा उल्लेख आता आदराने होतो. परंतु त्या उल्लेखाची रीत पाहिली असता एक गोष्ट खटकल्यावाचून राहत नाही. निबंध बहुधा साक्ष म्हणून पुढे केला जातो. कधी तो फुले दांपत्याच्या शैक्षणिक कार्याच्या यशाचा दाखला ठरतो, तर कधी पेशवाईच्या अखेरच्या काळातील जुलुमाचा. साक्षीदाराने घडलेले सांगावे आणि निर्णय इतरांनी द्यावा, हा व्यवहार न्यायालयात ठीक आहे. प्रस्तुत निबंधाची लेखिका मात्र निर्णय इतरांवर सोडत नाही. ती प्रमेय मांडते, आधार देते आणि निष्कर्षही स्वतःच काढते. विद्यार्थ्याच्या आवाजाचा शाळेतील समतेशी काय संबंध असतो, याचा विचार करावयाचा तर हा भेद प्रथम ध्यानात घेतला पाहिजे.

निबंधाचा आरंभ दुःखाच्या वर्णनाने होत नाही, तर धर्मविषयक एका तर्काने होतो. वेद ही ब्राह्मणांची मत्ता असून इतरांनी ते पाहू नयेत असे सांगितले जाते; तसे असेल तर ज्यांना धर्मग्रंथच नाही ते लोक धर्मरहित ठरतात, असे मुक्ताबाई दाखवून देतात. हा तर्क वरवर साधा दिसतो, पण त्याची धार विलक्षण आहे. प्रतिपक्षाचे गृहीतकृत्य जसेच्या तसे मान्य करून त्यातूनच त्याला अडचणीत आणणारा सिद्धांत काढण्याची ही पद्धती होय. ज्या धर्मात एकाने सुख भोगावे आणि इतरांनी वंचित राहावे, तो धर्म पृथ्वीवर उरू नये, या निष्कर्षापर्यंत त्या जातात आणि मग आपला धर्म कोणता हे परमेश्वरालाच विचारतात. हे सारे झाल्यावरच बाजीरावाच्या काळातील प्रसंग येतात : तालीमखान्यासमोरून जाणाऱ्या अस्पृश्याचा शिरच्छेद, इमारतींच्या पायांत माणसे पुरण्याची रीत, वाचू पाहणाऱ्याची झालेली हेटाळणी. म्हणजे उदाहरणे तर्कामागून येतात आणि तर्काचे काम करतात. केवळ करुणा उत्पन्न करणे हा त्यांचा हेतू नाही.

तथापि निबंधातील सर्वांत मोलाचे स्थळ याहूनही वेगळे आहे. वरिष्ठ जातींच्या मुलांनी दगड मारून मांगमहारांच्या मुलांना रक्तबंबाळ केले तरी ती तक्रार करीत नाहीत. कारण उरलेसुरले अन्न मागण्यासाठी त्यांना त्याच घरी जावे लागते, असे मुक्ताबाई सांगतात. पेशवाईतील हकीकती त्यांनी वडीलधाऱ्यांकडून ऐकल्या असणार. ही हकीकत मात्र त्यांच्या वयाच्या मुलांची आहे आणि तिच्यात मौनाची कारणमीमांसा आहे. मूल बोलत नाही ते त्याला काही सांगावयाचे नसते म्हणून नव्हे, आणि त्याला भाषा येत नाही म्हणूनही नव्हे; बोलण्याची किंमत त्याला भाकरीने मोजावी लागते म्हणून ते गप्प राहते. ज्याच्याविरुद्ध तक्रार करावयाची त्याच्याच दारात उदरनिर्वाह अडकलेला असेल, तर तक्रारीची मोकळीक हा केवळ शब्द ठरतो. विद्यार्थ्यांच्या आवाजाविषयी पुढील काळात पुष्कळ लिहिले गेले. परंतु आवाज व समता यांतील हा कार्यकारणसंबंध इतक्या थोड्या शब्दांत क्वचितच मांडला गेला असेल.

या ठिकाणी एक आक्षेप संभवतो. शाळेतील विद्यार्थिनीच्या निबंधात शिक्षकाचा हात किती, आणि मिशनरी पत्राने तो छापला यामागे त्या पत्राचा हेतू किती? आक्षेप निराधार नाही. 'ज्ञानोदय' हे अमेरिकन मिशनने १८४२ मध्ये सुरू केलेले पत्र. वेदप्रामाण्यावरील टीका त्याला सोयीची होती हे उघड आहे. फुले यांच्या विचारांची छायाही निबंधावर स्पष्ट दिसते. परंतु निबंध ख्रिस्ती धर्माच्या स्वीकाराशी येऊन थांबत नाही. धर्माविषयीचा त्याचा प्रश्न खुलाच राहतो. पत्राला हवे ते उत्तर लेखिकेने दिलेले नाही, ही गोष्ट तिच्या स्वतंत्र बुद्धीची खूण मानावी लागते. शिक्षकाच्या प्रभावाबद्दल एवढेच म्हणता येईल की, प्रभावरहित विद्यार्थी ही कल्पनाच असंभाव्य आहे. शिकविलेले पुन्हा म्हणून दाखविणे आणि शिकविलेल्याच्या आधाराने स्वतःचा अनुभव तपासणे या दोन भिन्न क्रिया आहेत. उघड्यावर, ऊनपावसात बाळंत होणाऱ्या स्त्रियांच्या हालांचे जे वर्णन निबंधात येते, ते दुसऱ्या क्रियेचे फळ होय.

निबंधाच्या मर्यादाही नोंदविल्या पाहिजेत. इंग्रजी राज्याविषयीची कृतज्ञता त्यात निःशंक आहे. जुना जुलूम थांबला या समाधानात नव्या सत्तेकडे पाहणारी चिकित्सक दृष्टी लोप पावते. अखेरीस स्वजनांना ज्ञानार्जनाचा जो उपदेश केला आहे, त्यात विद्या हेच सर्व दुःखांवरील औषध असल्याचा विश्वास दिसतो. भाकरीसाठी गप्प बसणाऱ्या मुलाचे जे चित्र आधी रेखाटले, त्याच्याशी हा विश्वास पुरता जुळत नाही. कारण ते मूल केवळ साक्षर झाल्याने बोलू लागेल असे नाही. ही विसंगती मात्र एकट्या मुक्ताबाईंची नाही. शिक्षणाने समता आपोआप येईल असे मानणाऱ्या प्रत्येक पिढीची ती आहे.

शाळेतील विषमतेची मराठी समाजाला जी माहिती आहे, ती बहुतांशी प्रौढांच्या आठवणींतून आलेली आहे. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या शाळेतील पाण्याची व वेगळ्या बसण्याची हकीकत सांगितली ती मोठेपणी. दया पवार यांचे 'बलुतं' १९७८ मध्ये आले. या लेखनाचे मोल वादातीत आहे. पण त्यातील मूल बोलत नाही, त्या मुलाचा झालेला प्रौढ त्याच्या वतीने बोलतो. तोवर ती शाळा मागे पडलेली असते आणि उत्तर देण्याची जबाबदारी कोणावरच उरत नाही. मुक्ताबाईंचा निबंध शाळेत असतानाच लिहिला गेला व छापला गेला, हे त्याचे वेगळेपण आहे.

आजच्या व्यवस्थेकडे या दृष्टीने पाहिले तर काय दिसते? संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क संहितेतील बाराव्या अनुच्छेदाने बालकाला स्वतःसंबंधीच्या बाबींत मत व्यक्त करण्याचा हक्क दिला; भारताने १९९२ मध्ये ती संहिता स्वीकारली. २००९ च्या शिक्षण हक्क अधिनियमाच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली. एकविसाव्या कलमाने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या, वंचित गटांतील बालकांच्या पालकांना प्रमाणशीर प्रतिनिधित्व दिले आणि निम्मे सदस्य स्त्रिया असाव्यात असे ठरविले. समतेच्या दृष्टीने ही तरतूद दूरदर्शी आहे. परंतु त्या कलमात खुद्द विद्यार्थ्याला जागा नाही. त्याचे म्हणणे पालकाच्या तोंडून यावे अशीच अपेक्षा आहे. आता ज्या गावात पालकाची मजुरी समितीतील दुसऱ्या सदस्याच्या शेतावर अवलंबून असेल, तेथे ते म्हणणे कितपत येईल, हा प्रश्न मुक्ताबाईंनी १८५५ मध्येच उपस्थित केलेला आहे. दगड मारणाऱ्याच्या दारी अन्न मागावयास जाणारे मूल आणि समितीत मुकाट्याने सही करणारा पालक यांच्या मौनाचे कारण एकच आहे.

म्हणून विद्यार्थ्याचा आवाज ही समतेच्या शेवटी मिळणारी शोभा नव्हे. समता कोठे अडली आहे हे दाखविणारे ते साधन आहे, आणि ते वापरावयाचे तर बोलणाऱ्यावरील अवलंबित्वाचा भार आधी हलका करावा लागतो. मुक्ताबाईंना तीन गोष्टी लाभल्या : जात न पाहता शिकविणारी शाळा, विद्यार्थिनीचा तर्क तर्क म्हणून ऐकून घेणारे शिक्षक, आणि तो छापणारे पत्र. यांपैकी पहिली गोष्ट राज्यघटनेने व कायद्याने सर्वांसाठी मान्य केली आहे. उरलेल्या दोहोंचा हिशेब प्रत्येक शाळेने द्यावयाचा आहे. मुक्ताबाईंच्या निबंधाचा खरा गौरव त्यांच्या नावाने होणाऱ्या समारंभांत नाही. त्यांच्या वयाच्या विद्यार्थ्याने आज शाळेविरुद्ध एखादा निष्कर्ष काढला, तर त्याला उत्तर देण्यात आहे.