हुबेहूब!

आमच्या एका स्नेह्यांची कन्या गेली दोन वर्षे चित्रकलेचे शिक्षण घेत आहे. मागील दिवाळीत त्यांच्या घरी फराळास गेलो असता तिने काढलेले आजोबांचे कोळशाचे चित्र दिवाणखान्यात मांडलेले दिसले. आजोबा मान खाली घालून वर्तमानपत्र वाचीत आहेत, असा प्रसंग. जमलेल्या मंडळींनी एकमुखाने ‘हुबेहूब!’ असा निर्वाळा दिला. आम्हीही, प्राध्यापकाच्या पेशाला शोभेल अशी दोन-चार वाक्ये जोडून, त्यास अनुमोदन दिले. मंडळी पांगल्यावर मुलगी हळूच आमच्यापाशी आली आणि म्हणाली, “काका, कान चुकलाय ना हो?”

आम्ही कान पाहिलाच नव्हता! तीस वर्षे काव्य-नाटकांवर टीका लिहिणाऱ्या मनुष्याने एका चित्रावर अभिप्राय दिला होता, आणि तो चित्राकडे न पाहता दिला होता.

मग तिनेच आम्हांस चूक समजावून सांगितली. समोर पाहणाऱ्या मुखाचा कान सामान्यतः भुवई आणि नाकाचा तळ यांच्यामध्ये बसतो, आणि डोळे मस्तकाच्या उंचीच्या मध्यावर येतात. नवशिक्यास हे दुसरे प्रमाण खरे वाटत नाही. कपाळ व केस यांत त्याला पाहण्यासारखे काही दिसत नसल्यामुळे तो ते आखडून टाकतो आणि डोळे कितीतरी वर नेऊन बसवितो. हिने ही चूक टाळली होती. नियम पाठ होता. परंतु मान खाली झुकली की टाळू अधिक दिसू लागते, डोळे मध्याच्या खाली उतरतात, आणि कान त्यांच्या मानाने वर चढतो. मुलीने ताठ मानेचे प्रमाण झुकलेल्या मानेला लावले होते. त्यामुळे मुख एका मनुष्याचे व कान दुसऱ्याचा, असे काहीसे झाले होते. एकदा दाखविल्यावर ते इतके स्पष्ट दिसू लागले, की आधी दिसले कसे नाही याचेच नवल वाटले.

मग सर्वांनी आजोबांना ओळखले कशावरून? झुपकेदार मिशीवरून आणि नाकाच्या शेंड्यावर घसरलेल्या चष्म्यावरून. मिशी व चष्मा बोटाने झाकून पाहिले, तेव्हा खाली कोणीही वृद्ध गृहस्थ बसलेले असू शकले असते. ‘हुबेहूब’ हा शब्द या दृष्टीने फार घातक आहे. तो स्तुतीचा असल्यामुळे त्याचा राग येत नाही, आणि संभाषण तेथेच संपत असल्यामुळे त्यातून शिकावयास काहीच मिळत नाही.

शाकुंतलाच्या सहाव्या अंकातील चित्रप्रसंग आम्ही वर्गात किती वेळा शिकविला असेल! दुष्यंताने काढलेल्या चित्रात तीन स्त्रिया आहेत. त्यांतील शकुंतला कोणती, असा प्रश्न निघताच विदूषक ती सुटलेल्या केशबंधावरून, मुखावरील घामाच्या थेंबांवरून, गळून पडलेल्या बाहूंवरून ओळखतो. मोदकांवर जीव टाकणारा हा ब्राह्मण चित्राच्या बाबतीत आम्हां प्राध्यापकांहून चांगला प्रेक्षक ठरतो. त्याने निदान खुणा तरी सांगितल्या. राजाही चित्र पुरे झाले असे मानीत नाही. मालिनी नदी राहिली, कानावरचे शिरीषपुष्प राहिले, अशी उणिवांची यादीच तो देतो. आणि तोच राजा पुढे चित्रातील भ्रमराला खरा समजून दटावू लागतो, तेव्हा हे चित्र आहे याची आठवण विदूषकालाच द्यावी लागते. कालिदासाने हुबेहूबपणाची केलेली ही थट्टा आमच्या ध्यानात इतक्या वर्षांत आली नव्हती.

दोष दाखवावयाचा तरी कसा, हा प्रश्न मात्र सोपा नाही. १८६८ साली त्रावणकोरच्या दरबारात थिओडोर जेन्सन हा चित्रकार आला होता. त्याने तरुण रविवर्म्यास शिकविण्याचे नाकारले, केवळ काम करताना पाहू दिले, असे चरित्रकार सांगतात. रविवर्म्याने पाहून विद्या उचलली. पण तसे डोळे किती जणांस असतात? मुंबईस १८५७ साली निघालेल्या जे. जे. कलाशाळेत प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून रेखाटन घटवून घेण्याचा परिपाठ दीर्घकाळ होता. १९१९ साली ग्लॅडस्टन सॉलोमन तेथे प्रमुख झाल्यावर जिवंत मनुष्याकृतीच्या अभ्यासाला जोर आला. पुतळा हलत नाही, त्यामुळे चूक मोजून दाखविता येते. बसलेला मनुष्य हलतो, कंटाळतो, आणि विद्यार्थ्याला सबब मिळते.

पॅरिसमध्ये १८६८ साली निघालेल्या ज्युलियनच्या खासगी चित्रशाळेत नामांकित चित्रकार ठरल्या दिवशी येत आणि प्रत्येकाच्या ईझलपाशी थांबून दोष सांगत. विद्यार्थ्याने केलेल्या रेघेवरच गुरूने रेघ मारावी काय, यावर मतभेद आहेत. आमच्या मुलीचे एक शिक्षक तसे करतात. रेघ सुधारते यात शंका नाही, पण घरी आल्यावर ती आपली कोणती व त्यांची कोणती, हे तिला सांगता येईना. आम्ही स्वतः विद्यार्थ्यांच्या निबंधांवर तांबड्या शाईने वाक्येच्या वाक्ये लिहून देत आलो आहो. ती वाक्ये परीक्षेत आम्हांस जशीच्या तशी परत मिळाली आहेत. म्हणून आमचे मत असे, की दुरुस्ती कडेच्या कोऱ्या जागेत करावी आणि मूळ चूक तशीच राहू द्यावी. दोन्ही शेजारी असल्या तरच त्यांतील अंतर दिसते.

प्रेक्षकांच्या बेफिकिरीचे एक मोठे उदाहरण म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यात आहे. हातात समई घेतलेल्या, ज्योतीवर तळहाताची आड धरलेल्या स्त्रीचे जलरंगातील चित्र सावळाराम हळदणकरांनी सुमारे १९४५ साली केले. त्यासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. बोटांच्या कडांतून झिरपणारा तांबूस प्रकाश जलरंगात साधणे म्हणजे पांढरा कागद अखेरपर्यंत सांभाळणे होय. एक फटकारा चुकला तर तेलरंगाप्रमाणे त्यावर दुसरा थर चढविता येत नाही. हे चित्र असंख्य लोक रविवर्म्याचे समजतात. रविवर्मा १९०६ सालीच वारला, आणि त्याची कीर्ती तैलचित्रांवर उभी आहे! ज्यांनी चित्राची इतकी वाखाणणी केली, त्यांनी ते कशाने रंगविले आहे एवढे तरी पाहिले होते काय?

संक्रांतीस आम्ही पुन्हा स्नेह्यांकडे गेलो. मुलीने जुने चित्र फाडले नव्हते. भिंतीशी टेकवून त्याच्या शेजारी नवा कागद लावला होता. आजोबा त्याच खुर्चीत, तेच वर्तमानपत्र. कान आता वर चढला होता. या वेळी आम्ही घाई केली नाही, डोळे किलकिले करून, नंतर आरशात उलटे धरून, बराच वेळ पाहिले आणि म्हटले, “जबडा मला रुंद वाटतो.” तिला ते पटले नाही. सावलीमुळे तसे भासते, असे ती म्हणाली, आणि कदाचित तिचेच खरे असेल. एवढ्यात आजोबा उठून आले, चष्मा वर सारून दोन्ही कागद न्याहाळले आणि नव्याकडे बोट दाखवून म्हणाले, “हे तर आमचे तीर्थरूप दिसताहेत.”

मुलीने मुकाट्याने त्यांना पुन्हा खुर्चीत बसविले, आणि जबडा मोजण्यासाठी कांडी हात लांब करून डोळ्यांसमोर धरली.