‘ढग नाही’ आणि ‘ढग दिसला नाही’

हवामानविषयक मराठी लेखनात ‘रडारची संवेदनशीलता’ हा प्रयोग रूढ झाला आहे. हा शब्द मनोव्यापारांच्या क्षेत्रातून आलेला असल्यामुळे संवेदनशीलता हा यंत्राचा अंगभूत व स्थिर गुण आहे, असा ग्रह होतो. वस्तुतः ती अंतर, पाऊस आणि यंत्राची जुळणी यांनुसार बदलते.

पेण व रोहा यांचे उदाहरण घेऊ. कुलाब्यापासून पेण सरळ रेषेत सुमारे ३५ किलोमीटर, तर रोहा सुमारे ६० किलोमीटर आहे. प्रतिध्वनी अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात क्षीण होतो. म्हणून पेणवरील ढगच रोह्यावर असता, तर कुलाब्याच्या रडारला त्याचा प्रतिध्वनी सुमारे एक-तृतीयांश मिळेल. शिवाय प्रतिध्वनी थेंबाच्या व्यासाच्या सहाव्या घाताने वाढतो. २ मिलिमीटर व्यासाचा पावसाचा एक थेंब ०.०२ मिलिमीटरच्या एक लक्ष कोटी मेघकणांच्या बरोबरीचा ठरतो. यामुळे सुमारे १० सेंटिमीटर लांबीच्या तरंगांवर चालणाऱ्या या रडारला पाऊस उत्तम दिसतो. कोवळा ढग सहसा निसटतो.

असे ढग टिपण्यासाठी मिलिमीटर-तरंगांचे मेघ-रडार लागते. सातारा जिल्ह्यात मांढरदेव येथे पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसमविज्ञान संस्थेने असे रडार बसविले. समुद्रावर संशोधन-नौकांवरही ते नेतात. परंतु जोरदार सरीत हे तरंग जाता-येता क्षीण होतात, आणि आच्छादनावरील पाण्याचा थर त्यांत भर घालतो. वर ढग असूनही पडदा कोरा राहतो. नौकेवर तर हेलकाव्यांमुळे व वाऱ्यामुळे पर्जन्यमापकाचा ताळाही भरवशाचा नसतो. जुळणी बदलून थोडे साधते: स्पंद लांबविला तर क्षीण ढग दिसतो, पण थरांचे बारकावे पुसट होतात; अधिक प्रतिध्वनींची सरासरी घेतली तर गोंगाट दबतो, पण तेवढ्यात ढग पालटतो.

येथे प्रश्न भाषेचा होतो. ‘दिसणे’ या क्रियापदाचा द्रष्टा मराठीत चतुर्थीत येतो: ‘रडारला ढग दिसला नाही’. ती चतुर्थी गाळली की ‘ढग दिसला नाही’ एवढेच उरते, आणि पुढील लेखणीखाली त्याचे ‘ढग नाही’ होते. यंत्राच्या मर्यादेविषयीचे विधान आकाशाविषयीचे विधान बनते. पेणच्या मूर्तिकाराला किंवा खारभूमीत भात कापणाऱ्या शेतकऱ्याला हा भेद केवळ व्याकरणाचा नव्हे. ओली मूर्ती वा कापलेले पीक उघड्यावर ठेवण्याचा निर्णय त्यावर ठरू शकतो.

म्हणून ‘संवेदनशीलता’ या शब्दाऐवजी ‘किमान ग्राह्य प्रतिध्वनी’ ही संज्ञा योजावी, असे सुचवावेसे वाटते. ती लांब आहे, हे मान्य. परंतु ‘किती अंतरावर, कोणत्या पावसात, कोणत्या जुळणीने?’ हे प्रश्न ती वाचकाला विचारावयास लावते. परिभाषेकडून याहून अधिक अपेक्षा करू नये, आणि याहून कमीही करू नये.