शुद्ध वाक्य आणि सरळ अर्थ

जोयडा तालुक्यातील कुळगी हे दांडेलीच्या रानातले लहानसे गाव. या भागात घरी कोकणी अथवा मराठी, कचेरीत कन्नड आणि वनखात्याच्या निसर्ग-शिबिरास येणाऱ्या दूरच्या पाहुण्यांशी प्रसंगी इंग्रजी, असा भाषांचा व्यवहार चालतो. अशा मुलुखात इंग्रजी वाक्य शुद्ध की अशुद्ध, हा प्रश्न केवळ शाळामास्तरांचा राहत नाही. एका चुकलेल्या वाक्यावरून बोलणाऱ्याची अक्कलच मोजली जाते. तेव्हा हा निवाडा कोणत्या कसोटीवर करावयाचा, हे एकदा पाहिले पाहिजे.

'आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स' हे वाक्य घ्या. नाते, मालकी, ज्ञान यांना इंग्रजी भाषा स्थिती मानते. त्यांस चालू काळ सहसा लावीत नाही. ही चूक मातृभाषेच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. तो आम्हांस मान्य नाही. 'मला दोन भाऊ आहेत' यात चालू क्रिया कोठे आहे? 'मी जात आहे' म्हणजे 'आय ॲम गोइंग' हे घोकता घोकता, 'आहे' दिसले की 'इंग' जोडण्याची सवय जडते. दोष त्या घोकंपट्टीचा असावा. याउलट 'डिस्कस्ड अबाउट द मॅटर' यात आपले 'विषयी' डोकावते, आणि 'टुडे मॉर्निंग' यात 'आज सकाळी' जसेच्या तसे उतरते. इंग्रजीस 'डिस्कस्ड द मॅटर' आणि 'धिस मॉर्निंग' हवे. तिन्ही प्रयोग प्रमाण इंग्रजीत अशुद्धच. परंतु अर्थ एकाचाही बुडत नाही.

निस्सीम इझिकेल (१९२४–२००४) हे मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्रायल समाजातले इंग्रजी कवी. त्यांच्या १९७६ च्या 'हिम्स इन डार्कनेस' या संग्रहात मिस पुष्पा यांच्या निरोपसमारंभातील भाषण अशाच 'इंग'-बहुल इंग्रजीत आहे. कवीचा कान अचूक आहे, यात शंका नाही. तथापि वाचक व्याकरणास हसून थांबला, तर वक्त्याचा जिव्हाळा आणि त्याच्या शिष्टाचारातील पोकळपणा, दोन्ही त्याच्या हातून निसटतात. शिवाय हा विनोद नियम जाणणाऱ्यांचाच. ज्याच्यावर तो केला, त्यालाच त्या हास्यात जागा नाही. कवितेची ही मर्यादा आम्हांस जाणवते.

वकिलाची कसोटी निराळी. 'ही डिड नॉट पे ॲज ही प्रॉमिस्ड', म्हणजे 'कबूल केल्याप्रमाणे त्याने पैसे दिले नाहीत'. व्याकरणास येथे बोट ठेवावयास जागा नाही. पण कबुली पैसे देण्याची होती, की न देण्याची? करारपत्रात असे निर्दोष वाक्य दहा 'हॅविंग'पेक्षा घातक ठरते. खुद्द कायदाही रूपापेक्षा अर्थ पाहतो: १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या १३ व्या कलमानुसार, विषयाशी वा संदर्भाशी विरोध नसेल तर, पुल्लिंगी शब्दात स्त्रियांचा आणि एकवचनात अनेकवचनाचा समावेश होतो.

म्हणून नियम शिकवू नयेत, असे आमचे म्हणणे नाही. ज्या मुलास पुढे अर्ज व मुलाखत द्यावयाची आहे, त्यास 'आय हॅव टू ब्रदर्स' हे आलेच पाहिजे. ते त्यास न शिकविणे ही दया नव्हे. मात्र आधी वाक्याचा अर्थ ऐकून घ्यावा, मग रूप सुधारावे. ज्याला भाऊ किती हे आपणांस कळले, त्याच्या अकलेविषयी निकाल देण्याचा अधिकार व्याकरणाने कोणास दिलेला नाही.