तात्पर्य कोठे लिहावे?

"सर, तात्पर्य कोठी लिहू?"

रविवारच्या लेखनवर्गात दर वर्षी कोणी ना कोणी मला हा प्रश्न विचारतेच. वर्ग म्हणजे तरी काय? शाळेच्या ओसरीवर बसलेली आठवी-नववीची दहा-बारा मुले, त्यांच्या वह्या आणि मी. बुलढाणा जिल्ह्यातल्या एका लहान गावात मी चित्रकला शिकवतो. शिक्षण मॅट्रिकपर्यंत, वर चित्रकला-शिक्षकाची पदविका. दोन-तीन कादंबऱ्या नावावर आहेत. पण गाव मला ओळखते ते अक्षर चांगले म्हणून. सूचनाफलक, प्रमाणपत्रांवरची नावे, लग्नपत्रिकेचा मजकूर, सारे माझ्याकडे येते. त्याबद्दल माझी तक्रार नाही. दुसऱ्याचा मजकूर लिहिताना आपले शहाणपण त्यात घालायचे नसते, एवढी शिस्त हाताला लागते. दुर्दैव असे की, स्वतःचे लिहायला बसलो की ती शिस्त मी विसरतो.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आठवड्यात घरी जे पाहिले ते लिहून आणा, असे मी वर्गाला सांगितले होते. एका मुलीने सात-आठ ओळी आणल्या. बाप सोयाबीन विकून चिखलीहून आला. पिशवी खुंटीले टांगली. कोनी काही इचारलं नाही. आजीनं त्याच्या ताटात एक भाकर जास्तीची ठेवली. संपले. मी लाल शाई घेतली. 'बाप'चे 'वडील' केले, 'खुंटीले'चे 'खुंटीला' केले, आणि शेवट फार अचानक होतो असे वाटून खाली एक वाक्य जोडून दिले: शेतकऱ्याच्या मालाला योग्य भाव मिळाला पाहिजे. पुढच्या रविवारी तिने दोन पाने भरून आणली. शुद्धलेखन निर्दोष, मथळा 'शेतकरी : जगाचा पोशिंदा'. त्यात तिचा बाप नव्हता, ती पिशवी नव्हती, आणि ती भाकरही नव्हती.

त्याच सुमारास माझ्या नव्या कादंबरीबद्दल एका स्नेह्याने म्हटले होते, "तुमची माणसं वर्गात उभी राहून उत्तर दिल्यासारखी बोलतात हो." तेव्हा मला राग आला होता. त्या मुलीची वही हातात आल्यावर तो उतरला. जे मी माझ्या माणसांचे केले होते, तेच तिच्या बापाचे केले होते. मग दिवाळीच्या सुट्टीत शिक्षकांची म्हणून जी पुस्तके घरात होती ती पुन्हा काढली आणि त्यांनाच विचारले, तात्पर्य कोठे लिहावे?

पहिले नाव अर्थातच साने गुरुजींचे. 1924 ते 1930 ही वर्षे ते अमळनेरच्या शाळेत शिक्षक होते. छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने दैनिक लिहून काढीत. 'श्यामची आई' त्यांनी 1933 साली नाशिकच्या तुरुंगात लिहिली. या पुस्तकात उपदेश थोडा नाही. पानापानावर श्याम थांबतो आणि जमलेल्यांना समजावून सांगतो. आजच्या वाचकाला ते कधी कधी जड जाते, हे मान्य केले पाहिजे. तरी घरोघरी ते अजून वाचले जाते; कारण उपदेश करणाऱ्याने आरोपीच्या पिंजऱ्यात प्रथम स्वतःला उभे केले आहे. चुकतो तो श्याम, रडतो तो श्याम. आणि जिथे गुरुजी समजावणे विसरतात तिथे ते थोर कलावंत होतात. अळणी भाजीचा प्रसंग आठवा. भाजीत मीठ नाही हे जेवणाऱ्याला पहिल्या घासाला कळते, पण करणारीला वाईट वाटू नये म्हणून तो काही न बोलता जेवून उठतो. एका घराची सारी माया त्या न बोलण्यात आहे. पुढे जे स्पष्टीकरण येते ते वगळले तरी प्रसंगाचे काही बिघडत नाही.

वि. स. खांडेकरांचे नाव घेताना मला थोडा धीर येतो, कारण पदवी त्यांनीही घेतली नव्हती. 1920 पासून 1938 पर्यंत शिरोड्याच्या शाळेत त्यांनी शिकवले आणि तिथेच ते कादंबरीकार झाले. पुढे 'ययाति'ला 1974 सालचे ज्ञानपीठ मिळाले, मराठीतले पहिले. त्यांच्या ध्येयवादाने दोन पिढ्यांना उभे केले, हे ऋण मोठे आहे. परंतु त्यांच्या पात्रांच्या तोंडी सुभाषिते फार. सुख सांगायचे तरी सुभाषित, दुःख सांगायचे तरी सुभाषित. ती ऐकताना मला फळा आणि खडू दिसू लागतो. हा दोष मी अधिकाराने सांगतो, कारण खांडेकरांकडून मी प्रथम उचलला तो तोच. गुण काही उचलता आले नाहीत.

'बनगरवाडी' 1955 साली पुस्तकरूपाने आली. व्यंकटेश माडगूळकरांचे शालेय शिक्षण अर्धवट राहिले होते, आणि ते चित्रेही काढीत. या कादंबरीचा निवेदक माणदेशातल्या धनगरांच्या वाडीवर नेमलेला कोवळा मास्तर आहे. मौज अशी की मास्तराच्या या गोष्टीत शिकवणे अगदी थोडे. शाळेत पोरे येत नाहीत, कारण मेंढरे कोणी राखायची? मास्तर गावाची बारीकसारीक कामे करू लागतो, माणसे ओळखू लागतो, तालीम बांधायचे मनावर घेतो. तालीम उभी राहते, राजाच्या हस्ते तिचे उद्घाटनही होते. एखाद्या प्रचारकी लेखकाने इथेच पडदा पाडला असता. माडगूळकर पुढे जातात. दुष्काळ येतो, मेंढरे मरतात, वाडी रिकामी होते. तालीम तिथेच राहते. तिच्यात यायला माणूस उरत नाही. शिक्षणाचा उपयोग काय, गावसुधारणेचा उपयोग काय, हे प्रश्न वाचकाच्या मनात उभे राहतात, पण मास्तर ते विचारीत नाही. त्याने फक्त नीट पाहिले आहे. चित्रकलेच्या तासाला मी पोरांना हेच बजावतो की, समोर मडके असेल तर मडकेच काढा, मनातला कलश नको. स्वतः लिहिताना मात्र मी कलशच काढत होतो.

चौथे पुस्तक आमच्याच जिल्ह्यातले. अमडापूरचे सदानंद देशमुख पेशाने मराठीचे अध्यापक. त्यांच्या 'बारोमास'ला 2004 साली साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. शिकूनही नोकरी न लागलेला एकनाथ आणि पिकत नाही अशा शेतीत रुतलेले त्याचे घर, हा तिचा विषय. तिथे संतापायला जागा भरपूर आहे, आणि काही ठिकाणी लेखक बोलायचे राहत नाही. पण घरातली माणसे भांडू लागली, आमच्या वऱ्हाडीत, की लेखकाला तोंड उघडायची गरजच उरत नाही. भाव किती पडला हे त्या आवाजातच कळते. जी भाषा मी लाल शाईने खोडत होतो, तिच्यात राष्ट्रीय सन्मानाची कादंबरी उभी होती, आणि ती माझ्या घरापासून एस. टी. च्या अंतरावर लिहिली गेली होती!

सुट्टी संपल्यावर मी त्या मुलीला बोलावले आणि पहिल्या ओळी पुन्हा लिहायला सांगितल्या. माझे वाक्य मी तिच्यादेखत खोडले. तिला खरे वाटेना. तिने विचारले, "मंग बाप लिहू का वडील?"

"घरी काय म्हणतेस?"

"हाक मारतो तवा दादा. दुसऱ्याले सांगतो तवा माहा बाप." जरा थांबून म्हणाली, "इथं तं दुसऱ्यालेच सांगून राह्यलो ना आपन?"

वीस वर्षे लिहितो आहे. निवेदनाची ही गोष्ट माझ्या ध्यानात आली नव्हती. तिने 'बाप' लिहिले. शेवटी भाकरीपाशी येऊन ती थांबली आणि सवयीने माझ्या तोंडाकडे पाहू लागली. मी वही मिटून तिच्या हातात दिली.