‘घर्षणामुळे झीज होते’ : अर्धेच उत्तर

‘घर्षणाचे तोटे सांगा’ या प्रश्नाला ‘घर्षणामुळे वस्तूंची झीज होते’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षे पूर्ण गुणांचे मानत आलो आहोत. आमच्या मते ते अर्धेच आहे. उरलेले अर्धे पिंपरी, चिंचवड, आकुर्डीच्या विद्यार्थ्यांच्या रोज डोक्यावर असते. पुणे-लोणावळा लोकलची तार पाहा.

गाडीच्या टपावरील पँटोग्राफ या तांब्याच्या तारेला खालून दाबत, घासत जातो. झीज केवळ घासण्यामुळे झाली असती, तर तार सर्वत्र साधारण सारखीच झिजली असती. तसे होत नाही. आधारांजवळ आणि जोडांपाशी तार कमी लवचीक असते. तेथे दाब एकाएकी वाढतो व तांबे अधिक घासले जाते. उलट, दाब कमी पडून पँटोग्राफ क्षणभर सुटला, तर ठिणगी उडते आणि तिच्या उष्णतेने तांबे वितळते. म्हणजे दाब वाढला तरी झीज आणि घटला तरी झीज! ‘घर्षण कमी करा, झीज कमी होईल’ हा आपला सोपा उपाय येथे लागू पडत नाही.

प्रवाहाचाही यात वाटा आहे. १९३० साली डेक्कन क्वीन सुरू झाली, तेव्हा या मार्गावर १५०० व्होल्ट दिष्ट दाब होता. आज तो २५,००० व्होल्ट प्रत्यावर्ती आहे. ३००० किलोवॉट शक्तीसाठी पूर्वी २००० अँपिअर लागत. आता, शक्तिगुणक १ धरल्यास, १२० पुरतात. हे गणित दहावीच्या विद्यार्थ्याला सहज जमेल.

फळ्यावर आपण ही तार रुळांच्या मधोमध सरळ काढतो. प्रत्यक्षात सरळ मार्गावर ती मध्यापासून दोन्ही बाजूंना सुमारे २० सेंटिमीटरपर्यंत नागमोडी नेलेली असते. त्यामुळे पँटोग्राफची कार्बनपट्टी एकाच जागी खाचत नाही. झीज तिच्या रुंदीवर वाटली जाते. झीज टाळता येत नसेल, तर ती वाटून द्यावी, हा अभियंत्याचा विचार आपल्या एका वाक्याच्या उत्तरात हरवतो.

म्हणून प्रश्नच बदलावा : ‘तार सर्वत्र सारखी का झिजत नाही?’ निरीक्षण मात्र फलाटावर, पिवळ्या रेषेच्या मागे उभे राहूनच करावे. काठी किंवा छत्री उंचावू नये. २५,००० व्होल्टच्या तारेला स्पर्श न होताही धक्का बसू शकतो, हेही त्याच तासाला सांगावे.