उंबरठ्यावरची भाषा : पंडिता रमाबाईंच्या बायबल-भाषांतराचा पुनर्विचार

पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात १८४८ साली जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी मुलींची शाळा सुरू केली आणि अक्षरावरील पुरुषी व उच्चवर्णीय मक्तेदारीला हादरा बसला. मात्र दार उघडूनही ग्रंथाची भाषा दुर्बोधच राहिली, तर प्रवेश अपुरा ठरतो. मराठी ख्रिस्ती जीवनात या प्रश्नाला थेट भिडलेली कृती म्हणजे पंडिता रमाबाईंचे बायबल-भाषांतर होय. सर्वसमावेशकतेच्या अंगाने त्याची चिकित्सा करणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

रमाबाईंच्या कार्याचा परीघ क्रमाने विस्तारत गेला. १८८९ साली मुंबईत स्थापन झालेले व पुढच्याच वर्षी पुण्यात आलेले शारदासदन प्रामुख्याने उच्चवर्णीय विधवांसाठी होते. १८९६-९७ च्या दुष्काळानंतर केडगावच्या मुक्तिसदनात नाना जातींच्या निराधार स्त्रिया आल्या. समाजाने 'पतित' ठरविलेल्यांसाठी कृपासदन, तर अंध स्त्रियांसाठी बर्तमीसदन उभे राहिले. यांपैकी अनेकींना अक्षरओळखही नव्हती. त्यांच्यासाठी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम हाती घेतले. मुक्तिसदनातील स्त्रियांनीच त्याची जुळणी व छपाई केली. रमाबाईंच्या निधनानंतर दोन वर्षांनी, १९२४ साली, ते पूर्णत्वाने प्रसिद्ध झाले.

१८७८ साली कलकत्त्याच्या विद्वानांनी 'पंडिता' व 'सरस्वती' या पदव्यांनी गौरविलेल्या विदुषीने येथे आपले संस्कृत पांडित्य जाणीवपूर्वक बाजूला ठेवले, हे विशेष लक्षणीय आहे. स्वागत करणाऱ्याने स्वतःचा अधिकार सोडल्याखेरीज स्वागत खरे होत नाही, हे त्यातून सूचित होते.

तथापि या भाषांतराची मर्यादाही येथेच आहे. संस्कृत शब्द टाळण्यामागे सुबोधतेइतकाच हिंदू तत्त्वज्ञानाचे संस्कार दूर ठेवण्याचाही आग्रह होता. परंतु भक्तिपरंपरेतील कितीतरी तत्सम शब्द निरक्षर स्त्रियांच्या ओव्यांतून पिढ्यान्‌पिढ्या रुळलेले होते. ते पंडितांचे उरले नव्हते. 'मुक्ती' आणि 'कृपा' हे शब्द संस्थांच्या नावांत निःसंकोच नांदत असताना भाषांतरात मात्र अशा परंपरेविषयी साशंकता दिसावी, हा अंतर्विरोध दृष्टिआड करता येत नाही. मुळाशी शब्दशः निष्ठा राखण्याच्या ओढीने वाक्यरचनाही ठिकठिकाणी अवघडली. चर्चच्या उपासनेत या भाषांतराला व्यापक स्थान मिळाले नाही.

याउलट रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी अभंगाच्या वळणाची भजने रचून वारकरी परंपरेची स्मृती उपासनेत आणली. १९१७ साली स्थापन केलेल्या 'देवाचा दरबार' या बंधुसंघात त्यांनी बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या, अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तभक्तांना स्थान दिले. रमाबाईंनी विद्वत्तेचा उंबरठा उतरविला, टिळकांनी परंपरेचा. मात्र टिळकांची वाट भक्तिपरंपरेत वाढलेल्यांना जवळची होती. त्या परंपरेच्या अंगणातही ज्यांना अंतरावर उभे केले गेले, त्यांचा प्रश्न रमाबाईंनी अधिक तीव्रतेने जाणला होता.

म्हणून या दोन दृष्टी परस्परपूरक मानाव्या लागतात. येणाऱ्याला स्वतःची भाषा दाराबाहेर ठेवावी लागत असेल, तर ते स्वागत अर्धेच होय. आणि यजमानाला काहीच सोडावे लागत नसेल, तर ते केवळ औदार्याचे प्रदर्शन ठरते. रमाबाईंच्या भाषांतराचे मोल त्याच्या वाङ्मयीन यशापेक्षा, त्याने चर्चपुढे ठेवलेल्या या कसोटीत अधिक आहे.